माझदा एमएक्स-५ मध्ये हलके फ्लायव्हील आणि दमदार क्लच बसवताना

पहिल्या दोन पिढ्यांच्या माझदा एमएक्स-५ गाड्या, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली ‘एनए’ आणि १९९८ ते २००५ मधली ‘एनबी’, आता इतक्या जुन्या झाल्या आहेत की त्यांतल्या बहुतेकींचा क्लच एकदा तरी बदलून झालेला असतो आणि पुन्हा बदलण्याची वेळ जवळ आलेली असते. गिअरबॉक्स खाली उतरवायचाच आहे, तर त्याच खेपेला हलके फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणारी जड चकती) आणि अधिक पकडीचा क्लच बसवावा, असा विचार मालकाच्या मनात येणे साहजिक आहे. कारण या कामात मेहनत मोठी असते आणि ती दोनदा करण्याची हौस कोणालाच नसते. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, त्यामुळे पुढील माहिती मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत राहणाऱ्या आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः पाने हाती धरणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. निवडीसंबंधीचा भाग मात्र मॅन्युअल गिअरच्या इतर स्पोर्ट्स कारनाही बऱ्याच अंशी लागू पडतो.

फ्लायव्हील हलके केल्याने काय होते

हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची शक्ती वाढत नाही. इंजिन जितकी शक्ती निर्माण करत होते तितकीच करते. फक्त स्वतःचे फिरते वजन वेगात आणण्यासाठी त्यातला जो वाटा खर्च होत होता, तो कमी होतो. हा वाटा गाडी वेग घेत असतानाच मोजायचा असतो. एकसारख्या वेगाने महामार्गावर चालणाऱ्या गाडीला फ्लायव्हील आठ किलोचे आहे की चार किलोचे, याने काही फरक पडत नाही.

फरक किती पडतो, हे आकड्यांत पाहिलेले बरे. मूळ फ्लायव्हील साधारण आठ किलोचे असते. त्यातले चार किलो कमी झाले आणि ते वजन केंद्रापासून सरासरी दहा सेंटिमीटरवर होते असे धरले, तर जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलण्याला होणारा विरोध, ०.०४ किलोग्रॅम-वर्गमीटरने घटते. १.८ लिटर इंजिनाच्या पाच गिअरच्या ‘एनए’ गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.१३६ आणि डिफरेन्शियलचे ४.१ असते, चाकाची त्रिज्या सुमारे २८ सेंटिमीटर धरली, तर पहिल्या गिअरमध्ये ही घट गाडीचे वजन सुमारे ८४ किलोने कमी केल्याइतकी ठरते. दुसऱ्या गिअरमध्ये तीच घट ३० किलोवर येते, तिसऱ्यात १५ वर, चौथ्यात ९ वर आणि पाचव्यात जेमतेम ६ किलोवर. साधारण एक टन वजनाच्या गाडीत पहिल्या दोन गिअरमधला हा फायदा जाणवण्याजोगा आहे, पण त्या गिअरमध्ये गाडी राहते तरी किती वेळ! म्हणून या बदलातला खरा लाभ प्रवेगात कमी आणि इंजिनाच्या तत्परतेत अधिक आहे. खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला हलका झटका दिला की इंजिनाचे फेरे चटकन वर जातात, वरचा गिअर टाकताना ते चटकन खाली येतात, आणि वळणदार रस्त्यावर गिअर बदलणे अधिक नेमके होते.

त्याची किंमतही मोजावी लागते. फ्लायव्हील हे इंजिनाच्या दोन स्फोटांमधली पोकळी भरून काढणारे ऊर्जेचे भांडार आहे, आणि ते लहान झाले की गाडी जागेवरून हलवताना इंजिन बंद पडण्याची शक्यता वाढते. चढावर, रहदारीत आणि वातानुकूलन चालू असताना हे विशेष जाणवते. न्यूट्रलमध्ये क्लचचे पेडल सोडल्यावर गिअरबॉक्समधून दातांची खडखड ऐकू येऊ लागते. तो बिघाड नसतो, पण ज्याला शांत गाडी हवी आहे त्याने तो आवाज आधी दुसऱ्याच्या गाडीत ऐकून घ्यावा. एमएक्स-५ च्या या दोन्ही पिढ्यांत मुळातच एकसंध फ्लायव्हील असते, म्हणून खडखडीतली वाढ सुसह्य राहते. आजच्या अनेक गाड्यांत मात्र आत स्प्रिंगा असलेले दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असते. ते काढून एकसंध हलके फ्लायव्हील बसवले तर स्प्रिंगांनी शोषलेली सगळी कंपने थेट गिअरबॉक्सवर येतात, आणि तेथे हा निर्णय पुष्कळ जपून घ्यावा लागतो.

कोणते फ्लायव्हील, कोणता क्लच

बाजारात दोन प्रकार मिळतात. क्रोममोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादाचे फ्लायव्हील साधारण पाच किलोच्या आसपास असते आणि मूळच्यासारखेच एकसंध असते. ॲल्युमिनियमचे फ्लायव्हील साडेतीन ते चार किलोपर्यंत उतरते. ॲल्युमिनियमला घर्षण सोसत नसल्यामुळे त्यावर पोलादाची चकती बोल्टने जडवलेली असते आणि ती झिजल्यावर बदलता येते. रोजच्या वापराच्या गाडीला मी पोलादी फ्लायव्हीलच सुचवेन. तत्परतेचा मोठा हिस्सा त्यातून मिळतो आणि सिग्नलवर गाडी हलवताना चालकाची परीक्षाही होत नाही. ॲल्युमिनियमचे फ्लायव्हील त्याने घ्यावे, ज्याची गाडी बहुतांशी ट्रॅकवर जाते.

तिसरा मार्ग म्हणजे मूळचे बिडाचे फ्लायव्हील लेथवर घालून त्याचे पोट पातळ करणे. तो स्वस्त आहे आणि तो टाळावा. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर फ्लायव्हीलच्या कडेचा वेग ताशी सुमारे ३७० किलोमीटर होतो. त्या वेगात बीड तडकले तर तुकडे बेल हाऊसिंग (क्लचभोवतीचे गिअरबॉक्सचे कवच) फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात. विकत घेताना फ्लायव्हीलवर एसएफआय १.१ या मोटर-शर्यतींच्या सुरक्षा मानकाची खूण आहे का, ते पाहून घ्यावे.

क्लचचा हिशेब वेगळा आहे. क्लच शक्ती वाढवत नाही. इंजिनाचा टॉर्क न घसरता पुढे पोचवणे एवढेच त्याचे काम. तो किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरते: घर्षणाचे पृष्ठभाग किती, त्यांचा घर्षणांक किती, क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब किती आणि क्लच प्लेटची सरासरी त्रिज्या किती. १.६ लिटर इंजिन सुमारे १३६ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि ‘एनए’चे १.८ लिटर इंजिन १५० च्या आसपास. टर्बो न लावलेल्या गाडीला मूळच्या दर्जाचा नवा क्लच पुरून उरतो, हे विक्रेता सांगणार नाही. विक्रेत्यांच्या यादीतले ‘स्टेज १’, ‘स्टेज २’ हे शब्द कोणत्याही मानकावर आधारलेले नाहीत. प्रत्येक कंपनी ते आपापल्या सोयीने वापरते. म्हणून नाव बाजूला ठेवून तो क्लच किती न्यूटन-मीटर पेलतो एवढेच विचारावे, आणि आपल्या इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा पंचवीस-तीस टक्के अधिक क्षमता मिळाली की तेथेच थांबावे.

टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेला असेल, तर प्रेशर प्लेट जड दाबाची घ्यावी आणि क्लच प्लेट शक्यतो पूर्ण गोलाकार ऑरगॅनिक अस्तराची व स्प्रिंगदार हबची ठेवावी. चार किंवा सहा पाकळ्यांची सिरॅमिक प्लेट पकड जबरदस्त देते, पण ती एकदम पकडते. रहदारीत गाडी ढकलत-ढकलत नेताना तिचे धक्के नकोसे होतात. जड प्रेशर प्लेटचाही एक छुपा तोटा आहे. पेडल दाबले की तिला सोडवण्यासाठी लागणारा जोर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि तो भार क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर सोसतात. गरजेपेक्षा जड प्लेट घेणे म्हणजे पायाला त्रास आणि इंजिनाच्या आतल्या झिजेला आमंत्रण, दोन्ही विकत घेणे होय.

१.६ लिटर गाडीच्या मालकांसाठी एक सोपी वाट आहे. या इंजिनाचा मूळ क्लच २०० मिलिमीटर व्यासाचा आणि १.८ चा २१५ मिलिमीटरचा असतो, १.८ साठीचे फ्लायव्हील १.६ च्या क्रँकवर जसेच्या तसे बसते. त्यामुळे हलके फ्लायव्हील १.८ च्या मापाचे घेतले की मोठा क्लचही आपोआप बसवता येतो आणि वाढलेल्या त्रिज्येमुळे दाब फारसा न वाढवता क्षमता वाढते.

कामाला हात घालण्यापूर्वी

फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट यांच्याबरोबर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील, प्लेट मध्यावर धरण्याचे प्लास्टिकचे साधन आणि फ्लायव्हीलचे सहा नवे बोल्ट आणून ठेवावेत. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबाने रिलीज फोर्क ढकलणारा गिअरबॉक्सकडचा सिलिंडर, हा या गाडीचा जुना दुखरा भाग आहे. तो आणि शक्य असल्यास पेडलकडचा मास्टर सिलिंडरही याच वेळी बदलावा, कारण जड प्रेशर प्लेटने वाढलेला दाब जुनी रबरी सीले फार काळ सोसत नाहीत. पाच गिअरच्या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० दर्जाचे जीएल-४ तेल सुमारे दोन लिटर लागते.

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर चार भक्कम स्टँडवर समान उंचीवर उभी करावी. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गिअरबॉक्स एकट्याने छातीवर झेलण्याच्या वजनाचा नाही. गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने मिळत असेल तर जरूर आणावा आणि मदतीला एक माणूस घ्यावा.

उतरवण्याचे काम

बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. या गाडीत बॅटरी मागे डिकीत असते. मग आतून गिअर लीव्हरभोवतीचे कन्सोल आणि रबरी बूट काढून लीव्हरच्या बुडाशी असलेले तीन बोल्ट सोडवावेत आणि लीव्हर वर उचलून घ्यावा. पाच गिअरच्या गाडीत लीव्हरच्या खोबणीत वेगळे तेल असते. पुन्हा बसवताना तेथे ८० ते ९५ मिलिलिटर ताजे तेल घालायचे आहे, हे ध्यानात ठेवावे. फाटलेला आतला बूट याच वेळी बदलावा, नाहीतर केबिनमध्ये गिअरबॉक्सची उष्णता आणि आवाज येत राहतो.

गाडीखाली गेल्यावर प्रथम गिअरबॉक्सची तेल भरण्याची बूच सैल होते का ते पाहावे आणि मगच तेल सोडण्याची बूच उघडावी, कारण तेल काढल्यावर भरण्याची बूच जाम आहे असे कळणे फार महागात पडते. एक्झॉस्टचा पुढचा पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा भाग उतरवावा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवलेले असावे. प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरेन्शियलच्या फ्लँजवर रंगाने खूण करून चार बोल्ट सोडवावेत आणि शाफ्ट मागे ओढून काढावा. त्यानंतर न्यूट्रल व रिव्हर्सच्या स्विचांच्या तारा, ‘एनए’ मधली स्पीडोमीटरची केबल आणि स्लेव्ह सिलिंडरचे दोन बोल्ट सोडवावेत. स्लेव्ह बदलायचा नसेल तर त्याची नळी न उघडता तो तारेने बाजूला टांगून ठेवावा.

एमएक्स-५ चे वेगळेपण यानंतर सामोरे येते. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट, जिला या गाडीचे लोक ‘पीपीएफ’ म्हणतात, ती काढल्याशिवाय गिअरबॉक्स मागे सरकत नाही. ही चौकट सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सखाली जॅक लावलाच पाहिजे, कारण गिअरबॉक्सची शेपटी तिच्याच आधाराने तोललेली असते. चौकटीवरून जाणारी वायरिंग क्लिपांमधून हळूच सोडवावी आणि दोन्ही टोकांच्या बोल्टांच्या जागांवर खुणा कराव्यात. डिफरेन्शियलकडच्या बाजूला बोल्टसोबत एक घट्ट बसलेली पोलादी नळी असते. ती ओढून काढताना घाईने हातोडा चालवला तर ॲल्युमिनियमची कड तुटते.

स्टार्टरचे आणि बेल हाऊसिंगचे वरचे बोल्ट ही या कामातली सर्वांत चिडचिड करणारी जागा आहे. गिअरबॉक्सची शेपटी जॅकने सावकाश खाली घेतली की इंजिन मागे कलते आणि मागून लांब एक्स्टेन्शनच्या साखळीने त्या बोल्टांपर्यंत पोचता येते. इंजिन कलताना त्याच्या मागच्या बाजूचा कॅम सेन्सर आणि हीटरच्या नळ्या फायरवॉलवर दाबल्या जात नाहीत ना, हे मदतनिसाला वरून पाहायला सांगावे. सर्व बोल्ट निघाल्यावर गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे ओढावा. तो तिरका लोंबू दिल्यास सारे वजन इनपुट शाफ्टवर आणि क्लच प्लेटच्या हबवर येते.

आता प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने सैल करावेत. आतल्या धुळीवर हवेचा झोत मारू नये. तोंडाला मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसावी. फ्लायव्हीलचे बोल्ट सोडताना क्रँक फिरू नये म्हणून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवण्याचे साधन वापरावे. क्रँकच्या पुढच्या टोकाच्या बोल्टला पाना लावून तो धरून ठेवण्याची सवय काहींना असते. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनांत ते पुढचे टोक आखूड आणि नाजूक असल्यामुळे तेथे हा प्रयोग विशेषतः वर्ज्य आहे.

बसवण्याचे काम

ऑइल सील ओले दिसले नाही तरी बदलावे. पायलट बेअरिंग या गाडीत फ्लायव्हीलच्याच मध्यभागी बसते, म्हणून नवे बेअरिंग नव्या फ्लायव्हीलमध्ये प्रेसने किंवा योग्य मापाच्या सॉकेटने, फक्त बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवावे. बेअरिंग काही तास फ्रीजरमध्ये ठेवले तर ते सहज सरकते. प्रेशर प्लेटला जागेवर धरणाऱ्या डोव्हेल पिना नव्या फ्लायव्हीलबरोबर आल्या आहेत का, हेही तपासावे.

क्रँकचा तोंडाचा भाग आणि फ्लायव्हीलची मागची बाजू पूर्ण स्वच्छ असावी. मध्ये कचऱ्याचा एक कण राहिला तरी फ्लायव्हील वाकडे फिरते. जुनेच बोल्ट वापरायचे असतील तर त्यांच्या आट्यांवरचा जुना सीलंट साफ करून नवा लावावा, नाहीतर आट्यांमधून तेल झिरपून क्लचवर येते. हे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, ९६ ते १०३ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत.

त्यानंतर घर्षणाचे दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे करावेत आणि त्यांना पुन्हा उघड्या बोटांनी हात लावू नये. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते. ती नसेल तर स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे ठेवावा. मध्य साधणाऱ्या साधनावर प्लेट चढवून प्रेशर प्लेट लावावी आणि तिचे बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने, एका वेळी एक-दीड फेराच देत, १८ ते २६ न्यूटन-मीटरवर आणावेत. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबट दात्यांवर) ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. जादा ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते. रिलीज फोर्कच्या गोळ्याला ग्रीस लावावे आणि फोर्कला तडा गेलेला नाही ना, ते पाहावे.

गिअरबॉक्स वर चढवताना बेल हाऊसिंग इंजिनाला हाताच्या जोरानेच टेकले पाहिजे. शेवटचा सेंटिमीटर बोल्ट आवळून जवळ आणण्याचा मोह आवरावा. ते टेकत नसेल तर प्लेट मध्यावर नाही किंवा स्प्लाइन जुळलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. गिअर पडलेला असताना मागून गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट किंचित फिरवला की दाते बहुधा जुळतात. बेल हाऊसिंगचे बोल्ट ६४ ते ८९, चौकटीचे बोल्ट १०४ ते १२३ आणि प्रोपेलर शाफ्टचे २७ ते ३० न्यूटन-मीटरवर आवळावेत. चौकट पूर्वीच्या खुणांवरच आणि वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर बसवावी. ती चुकली तर ठरावीक वेगाला गाडीत घरघर सुरू होते आणि दोष उगाच फ्लायव्हीलवर जातो.

सुरू केल्यानंतर

क्लचची नळी डीओटी ३ किंवा डीओटी ४ द्रवाने भरून, हवा पूर्ण जाईपर्यंत ब्लीड करावी, म्हणजे आतली हवा द्रवासोबत बाहेर काढावी. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, काही क्षण थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. आवाज न होता गिअर पडला तर क्लच पूर्ण सुटतो आहे. करकर झाली तर नळीत हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या दांड्याची लांबी जुळवायला हवी. पेडलच्या सुरुवातीला थोडी मोकळीक राहिलीच पाहिजे, अन्यथा क्लच कायम किंचित दाबलेला राहून घसरत राहील.

हलक्या फ्लायव्हीलमुळे जागेवरचे फेरे डळमळू शकतात. ‘एनए’ मध्ये डायग्नोस्टिक पेटीतील ‘टेन’ आणि ‘ग्राउंड’ ही टोके तारेने जोडून थ्रॉटल बॉडीवरच्या हवेच्या स्क्रूने ते ८५० च्या आसपास आणता येतात. त्यापूर्वी इंजिन पूर्ण गरम झालेले असावे.

ऑरगॅनिक अस्तर असेल तर पहिले सातशे-आठशे किलोमीटर शहरात, गिअर वारंवार बदलत, सौम्यपणे गाडी चालवावी. नुसत्या महामार्गावरच्या किलोमीटरांनी अस्तर बसत नाही, कारण तेथे क्लच वापरलाच जात नाही. गाडी हलवताना पूर्वीपेक्षा दोन-तीनशे फेरे अधिक द्यावेत आणि पेडल सावकाश सोडावे. चढावर हँडब्रेकचा आधार घेण्यात कमीपणा नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी हा बदल विमा कंपनीला कळवावा, कारण तेथे न कळवलेल्या बदलांवरून दावा नाकारला जाऊ शकतो.

अस्तर बसल्यावर पकडीची परीक्षा घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन २००० ते २५०० फेऱ्यांवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे आणि वेग हातात हात घालून वाढले तर क्लच पूर्ण टॉर्क पेलतो आहे. फेरे वर उसळले आणि वेग मागे राहिला, तर लगेच पाय काढून घ्यावा, बेल हाऊसिंगच्या तळाशी तेल दिसते का ते पाहावे आणि पेडलची मोकळीक पुन्हा मोजावी. या दोन्हींत दोष नसेल, तर आणखी दोनशे-तीनशे किलोमीटर सौम्य वापर करून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि तरीही घसरण राहिली तरच गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा.